मीटरचे म्हणणे

विजेच्या बिलाची तक्रार हे मोठ्या शहरांतून फार तर अर्ध्या दिवसाचे काम असते. ग्राहक कार्यालयाच्या खिडकीशी येतो, मीटरचे छायाचित्र दाखवितो, लिपिक संगणकावरील आकड्याशी त्याची रुजवात घालतो आणि चूक उघड असेल तर दुरुस्तीचे बिल हाती पडते. परंतु भामरागड तालुक्यात, जिथे पावसाळ्याचे चार महिने नद्यांच्या मर्जीवर वाहतूक चालते, जिथे बिलावरील मजकुराची भाषा ही ग्राहकाच्या घरातील भाषा नव्हे आणि जिथे मीटर व दफ्तर यांच्यामध्ये कित्येकदा दिवसभराची पायपीट असते, तिथे हीच तक्रार केवळ हिशेबाची न राहता पुराव्याची होते; आणि पुरावा गोळा करण्याचे काम ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच शिरावर येऊन पडते. या कामाचा मला जो निकटचा अनुभव आला तो मी एका वीजपुरवठादाराच्या लेखाशाखेत लिपिक म्हणून काम करीत असताना आला, आणि तो लिहून ठेवावा असे मला अनेक दिवस वाटत होते.

माझे बालपण चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात गेले. तिथल्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. त्याच्या उंच चिमण्या आणि कोळशाच्या मालगाड्या पाहत वाढलेल्या मुलाला वीज ही हवेइतकीच सर्वत्र असते असे वाटावे, हे स्वाभाविक होते. भामरागडला बदली झाल्यावर ही समजूत फार दिवस टिकली नाही. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावर वसलेले हे तालुक्याचे गाव आलापल्लीहून सुमारे पासष्ट किलोमीटरवर आहे. वाट जवळजवळ सगळी अरण्यातून जाते आणि विजेच्या ताराही त्याच अरण्यातून येतात. वादळात एखादे झाड तारांवर पडले तर कोणत्या दोन खांबांमध्ये ते पडले हे शोधण्यातच दिवस जातो, आणि पर्लकोटेचे पाणी पुलावर चढलेले असेल तर शोधायला निघणाऱ्यांनाही ऐलतीरी थांबावे लागते. गावाच्या अलीकडेच असलेल्या हेमलकसा येथे १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा आणि त्यानंतरही बरीच वर्षे तिथले वैद्यकीय उपचार कंदिलाच्या उजेडात चालत. अशा प्रदेशात घराघरांत पोहोचलेला एक दिवा ही किती दीर्घ प्रतीक्षेची फलश्रुती असते, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या दिव्याच्या बिलाचे मोलही कळणार नाही.

२०१८ च्या दिवाळीपूर्वी, बाजाराच्या दिवशी, लाहेरीच्या वाटेवरील एका गावातून एक माडिया तरुण आपल्या वृद्ध आईला घेऊन कार्यालयात आला. मुलगा आश्रमशाळेत शिकलेला, त्यामुळे मराठी उत्तम बोलत होता. आईला मराठी थोडे समजे, बोलता येत नसे. त्याने घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली बिले माझ्यापुढे मांडली. शेवटच्या बिलावर नऊ हजार रुपयांहून अधिक थकबाकी होती आणि मुदतीत रक्कम न भरल्यास पुरवठा खंडित करण्याची सूचना होती. घरात दिवे किती, असे मी विचारले. दोन दिवे, एक पंखा, आणि मुलाचा मोबाइल भारित करण्यासाठी एक खटका. याशिवाय काही नाही. आई माडियात काही बोलली, आणि मुलाने ते मला सांगितले: "बाबू, आई विचारते, इतकी वीज जळली, ती जळताना कोणी पाहिली?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत बिलासंबंधी याहून अधिक मर्मभेदी प्रश्न मी ऐकला नाही. आमच्या सगळ्या व्यवहाराचा पायाच हा आहे की, ग्राहकाने वापरलेली वीज एका यंत्राने मोजलेली असते आणि त्या यंत्रावरील आकडा एका माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. यांपैकी दुसरी गोष्ट घडलेली नसेल तर पहिलीला काही अर्थ उरत नाही. मी त्यांना बसायला सांगितले आणि त्यांच्या ग्राहक क्रमांकावरून वैयक्तिक खातेवही काढली. दफ्तरी भाषेत आम्ही तिला आद्याक्षरांनी 'सीपीएल' म्हणतो. वीजपुरवठा सुरू झाल्यापासूनच्या प्रत्येक महिन्याचे मागील वाचन, चालू वाचन, युनिट, मीटरची स्थिती आणि भरणा तीत ओळीने नोंदलेला असतो, आणि वाचणाऱ्याने घाई केली नाही तर त्या रुक्ष ओळींतून पुष्कळ गोष्टी कळतात.

पुरवठा २०१६ च्या जानेवारीत, दारिद्र्यरेषेखालील कुटुंब म्हणून, सुरू झालेला होता. पहिल्या दीड वर्षात दरमहाचा वापर बारा, सतरा, चौदा, पंधरा असा खालीवर होत गेलेला होता. उन्हाळ्यात पंख्यामुळे थोडा अधिक, पावसाळ्यात कमी. जून २०१७ अखेर मीटरवरील आकडा २५१ होता. माणसे राहतात त्या घराचा वापर असाच असतो, त्यात ऋतू उमटलेला दिसतो. परंतु जुलै २०१७ पासून सलग चार महिने प्रत्येक ओळीत ९२ युनिट असा एकच आकडा उभा होता. नदीला पूर असो, तार तुटलेली असो, घर महिनाभर अंधारात असो, ९२ युनिट! वाचनाचे काम ज्या ठेकेदाराकडे होते त्याचा माणूस त्या चार महिन्यांत त्या गावी गेला नव्हता आणि वाचनाच्या रकान्यात अंदाजाने वाढविलेले आकडे भरले गेले होते, हे कोणाही लेखापालाच्या सहज ध्यानात यावे. अशा रीतीने ऑक्टोबरअखेर कागदावर मीटर ६१९ वर जाऊन पोहोचला.

पुढे जे घडले ते मला अधिक गंभीर वाटते. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोणी एक वाचक खरोखरच त्या घरापर्यंत गेला आणि त्याने मीटरवर दिसला तो आकडा प्रामाणिकपणे नोंदविला: ३१२. परंतु मागील वाचन ६१९ आणि चालू वाचन ३१२, म्हणजे मीटर मागे फिरला, असे होऊ शकत नाही. म्हणून संगणकीय प्रणालीने ते वाचन स्वीकारले नाही आणि मीटरच्या स्थितीच्या रकान्यात 'फॉल्टी' अशी नोंद झाली. मीटर नादुरुस्त ठरल्यावर बिल सरासरीवर निघू लागले, आणि सरासरी काढली ती आधीच्या चार कल्पित महिन्यांची. त्यामुळे पुढचे बारा महिने पुन्हा तेच ९२ युनिट. चार महिन्यांच्या खोट्या नोंदींनी एका खऱ्या नोंदीला खोटे ठरविले, निर्दोष यंत्राला सदोष ठरविले, आणि जे यंत्र त्या वृद्धेच्या बाजूने साक्ष देऊ शकत होते त्याचीच साक्ष दफ्तरातून बाद झाली. एकंदर १४७२ युनिट तिच्या नावे लागले.

याचा परिणाम केवळ युनिटांपुरता राहत नाही. वीजदर टप्प्याटप्प्याने चढत जातात, आणि दारिद्र्यरेषेखालील घरगुती ग्राहकांसाठी जो सवलतीचा दर होता त्याला त्या वेळी महिना तीस युनिटांची, म्हणजे वर्षाला ३६० युनिटांची, मर्यादा होती. ती ओलांडली की ग्राहक सर्वसाधारण घरगुती वर्गात जातो; मग स्थिर आकार वाढतो, प्रतियुनिट दर वाढतो, त्यावर वीज शुल्क वाढते, आणि रक्कम थकली की विलंब आकार व व्याज. वर्षाला ११०४ युनिट कागदावर चढलेले हे कुटुंब आपली सवलत केव्हाच गमावून बसले होते, आणि ती गेल्याचे त्याला कोणी सांगितलेलेही नव्हते. मुलगा मोह आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात हाती पैसा येईल तसे शंभर-पन्नास भरीत होता; आपण फेडतो आहोत अशा समजुतीने भरीत होता, आणि थकबाकी मात्र दर महिन्याला त्याच्या भरण्याच्या कितीतरी पट वाढत होती.

कागदावरून मला पुरेशी खात्री पटली होती. परंतु माझी खात्री हा पुरावा नव्हे. स्थळतपासणी आवश्यक होती, आणि ती मीटर पाहूनच व्हायला हवी होती. लिपिकाने गावोगाव हिंडावे असा शिरस्ता नाही. तरीही मी वरिष्ठांची अनुज्ञा घेतली आणि लाइनमन बरोबर घेऊन निघालो, कारण ज्या आकड्यावर मी सही करणार होतो तो मी स्वतः पाहावा असे मला मनापासून वाटले. आमचे लाइनमन त्याच तालुक्यातले, तारेच्या प्रत्येक खांबाशी त्यांची ओळख. जिथपर्यंत मोटारसायकल जाते तिथपर्यंत मोटारसायकलने, आणि पुढे पाऊस नुकताच सरलेल्या चिखलातून पायी गेलो. वाटेत त्यांनी मला तारा कुठे कुठे तुटतात ती ठिकाणे दाखविली, आणि कोणत्या दुरुस्तीला किती दिवस लागले तेही सांगितले. ती माहिती पुढे उपयोगी पडली.

घर मातीच्या भिंतींचे, स्वच्छ सारवलेले होते. ओसरीवरच्या फळीवर मीटर होता, सील शाबूत होते, काचेवर कोळिष्टकसुद्धा नव्हते. त्यावर आकडा होता ४७०. त्यातून जून २०१७ चे २५१ वजा केले तर सोळा महिन्यांचा प्रत्यक्ष वापर २१९ युनिट, म्हणजे महिन्याला चौदाही नाही. कागदावर १४७२, आणि घरात २१९!

आता प्रश्न उरला तो मीटर खरोखर सदोष आहे की काय, याचा. त्या मीटरवर एका युनिटला ३२०० स्पंदने असे छापलेले होते; म्हणजे त्याच्यावरचा लहानसा तांबडा दिवा एक युनिट वीज गेली की ३२०० वेळा लुकलुकायला हवा. लाइनमननी घरातले सर्व खटके बंद केले आणि झोळीतून आणलेला शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा जोडला. शंभर वॅट तासाभरात युनिटाचा दहावा हिस्सा घेतात. त्या हिशेबाने तीन मिनिटांत सोळा वेळा लुकलुकायला हवे. आम्ही घड्याळ धरून बसलो. मुलगा मोजत होता, शेजारचे दोघे-तिघे मोजत होते, आणि आईही ओठ हलवीत मोजीत होती. सोळा झाले आणि तीन मिनिटे भरली. "मीटर तं बराबर हाये, भाऊ," लाइनमन म्हणाले. हे मोजमाप काही प्रमाणित चाचणी नव्हे, म्हणून त्यानंतर तपासणी-यंत्र लावून रीतसर नोंदही घेतली आणि तीत मीटर अनुज्ञेय मर्यादेत असल्याचे आढळले. परंतु मला त्या सोळा लुकलुकण्यांचे महत्त्व अधिक वाटले, कारण यंत्राचे म्हणणे त्या घरातील माणसांना स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता आले. अहवाल जागेवरच लिहिला, त्यातील प्रत्येक वाक्य मुलाकडून आईला माडियात समजावून दिले, शेजाऱ्यांच्या साक्षी घेतल्या आणि मगच तिचा अंगठा घेतला. हा क्रम मी पुढेही कधी बदलला नाही. ज्या कागदावर आपण माणसाचा अंगठा घेतो तो कागद त्याला त्याच्या भाषेत कळलेला असणे, हा पंचनाम्याचा भाग आहे. तो सौजन्याचा भाग नाही.

परतल्यावर उपकेंद्राची नोंदवही काढली. वाहिनी कोणत्या दिवशी, किती तास बंद होती याची नोंद तीत असते. ज्या महिन्यांत ९२ युनिट आकारले होते त्यांतील पावसाळी महिन्यांत त्या भागाचा पुरवठा वारंवार, आणि काही वेळा सलग कित्येक दिवस, बंद होता. जोडभारही मांडला: नऊ वॅटचे दोन दिवे रोज पाच तास लावले तर महिन्याला तीन युनिटही होत नाहीत, पंचाहत्तर वॅटचा पंखा रोज आठ तास चालविला तर अठरा होतात. दोन्ही मिळून एकवीस, तेही महिनाभर वीज अखंड राहिली तर. ९२ हा आकडा त्या घरात शक्यच नव्हता.

दरम्यान खंडित करण्याच्या सूचनेचा प्रश्न होता. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. आणि त्याच कलमात अशीही तरतूद आहे की, ग्राहकाने आपल्याकडे मागितलेली रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांत त्याने भरलेल्या रकमेची सरासरी, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. ही तरतूद फार थोड्या ग्राहकांना ठाऊक असते. मी ती मुलाला समजावून सांगितली, हरकतीचा अर्ज त्याच्याकडून लिहून घेतला आणि ती अल्प रक्कम त्याच दिवशी भरून घेऊन पावती दिली. कार्यालयाने दाद दिली नाही तर त्याच अधिनियमाच्या कलम ४२ खाली ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, तिथे वकिलावाचून जाता येते, आणि मंचाच्या निर्णयाविरुद्ध विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते, हेही सांगितले. पुरवठादाराच्या नोकराने ग्राहकाला पुरवठादाराविरुद्धचा मार्ग दाखवावा का, असा प्रश्न एका सहकाऱ्याने मला पुढे विचारला. माझे मत स्पष्ट आहे. कायद्याने ग्राहकाला दिलेला हक्क त्याला सांगणे हे आमच्या नोकरीचेच काम आहे, आणि तो हक्क त्याच्यापासून लपवून वसूल केलेला पैसा हा कोणत्याही ताळेबंदात मिळकत म्हणून दाखविण्याच्या योग्यतेचा नसतो.

बिलदुरुस्तीचा प्रस्ताव, ज्याला आमच्याकडे 'बी-ऐंशी' म्हणतात, मी तयार केला. रक्कम स्थानिक अधिकारमर्यादेबाहेर असल्याने तो वर पाठवावा लागला, आणि तिथे एक गंभीर आक्षेप निघाला. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या, त्या वेळी लागू असलेल्या, २००५ च्या वीजपुरवठा संहितेनुसार मीटर सदोष असेल तर बिलाची दुरुस्ती जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती करता येत असे. दफ्तरात या मीटरची स्थिती 'फॉल्टी' आहे. सबब सोळा महिन्यांची दुरुस्ती अनुज्ञेय नाही. आक्षेप घेणारे अधिकारी सज्जन होते आणि नियमाच्या अक्षराला धरून होते. परंतु त्या तीन महिन्यांच्या मर्यादेचा आधार मीटरचा दोष हा होता. इथे चाचणीने मीटर निर्दोष सिद्ध झाला होता. दोष होता तो वाचनाचा. त्याच संहितेत घरगुती मीटर निदान दोन महिन्यांतून एकदा वाचण्याचे बंधन होते, आणि मीटरपर्यंत पोहोचता न आल्यास अंदाजाने बिल देता येत असले तरी ते पुढील प्रत्यक्ष वाचनाशी समायोजित करावे लागे. सोळा महिने समायोजन झालेच नाही, म्हणून सोळाही महिन्यांचे समायोजन देय होते. मी हे सविस्तर लिहिले. चाचणीचा अहवाल, छायाचित्र, नोंदवहीचा उतारा, जोडभाराचा तक्ता आणि खातेवहीतील त्या एकसारख्या ओळी असे सर्व जोडून प्रस्ताव फेर सादर केला.

दुसऱ्या एका टिपणीत मला असे सुचविण्यात आले होते की, ग्राहक वृद्ध व निर्धन असल्याने सहानुभूतीपूर्वक काही सूट द्यावी. हा हेतू चांगला होता, आणि तरीही मी त्याचा आदरपूर्वक विरोध केला. सूट ही जो देणे लागतो त्याला द्यायची असते. ही स्त्री ते नऊ हजार देणे लागतच नव्हती. तिच्यावर दया केल्याची नोंद झाली असती, तर ते ऋण खरे होते असे कायमचे ठरले असते, आणि तिच्यासारख्या प्रत्येकाला पुन्हा कोणा दयाळू अधिकाऱ्याची वाट पाहावी लागली असती. या प्रदेशातील माणसांना शासनाकडून व संस्थांकडून दया पुष्कळ मिळालेली आहे. त्यांना हिशेब फार थोड्या वेळा मिळाला आहे.

मंजुरी फेब्रुवारीत आली. २१९ युनिट सोळा महिन्यांत समान विभागून प्रत्येक महिन्याचे बिल त्या त्या वेळच्या दराने नव्याने काढले गेले. ही विभागणी फार महत्त्वाची असते, कारण साचलेले सगळे युनिट एकाच महिन्यात दाखविले, तर खरा वापरही वरच्या टप्प्यात जाऊन दुसरा अन्याय होतो. सवलतीचा वर्ग पूर्ववत झाला, विलंब आकार व व्याज मुळासकट गेले, आणि एकंदर देणे काही शे रुपयांवर आले. त्यातून तिचे वेळोवेळचे भरणे वजा घातल्यावर तिच्याच खात्यावर थोडी रक्कम जमा निघाली. दुरुस्तीचे बिल घेऊन लाइनमन स्वतः गेले. त्यानंतरच्या बाजारी मुलगा आला तो उरलेल्या प्रश्नासह: जमा रक्कम किती महिने पुरेल, आणि त्या महिन्यांत बिल आले नाही तर पुन्हा थकबाकी धरतील काय? मी त्याला खाते काढून ओळी दाखविल्या आणि दर महिन्याला मीटरचा आकडा वहीत तारखेनिशी लिहून ठेवायला सांगितले. त्याने आपल्या वहीत आधीच लिहायला सुरुवात केली होती. शेजारच्या घरांचेही आकडे त्यात होते.

त्या वहीवरूनच मी पुढचे काम घेतले. तालुक्यातील ज्या खात्यांवर सलग तीन महिन्यांहून अधिक काळ एकच युनिटसंख्या लागली होती, किंवा ज्यांच्या मीटरला चाचणीवाचून 'फॉल्टी' म्हटले गेले होते, अशा सर्वांची गाववार यादी काढली आणि पर्लकोटेला पाणी येण्यापूर्वी त्यांची स्थळतपासणी व्हावी, अशी लेखी तजवीज वरिष्ठांकडे मांडली. ज्यांनी तक्रार केली नव्हती त्यांची नावे यादीत का, अशी विचारणा झाली. ज्याला बिल वाचता येत नाही तो तक्रार कशी करणार, एवढेच मी उत्तरात लिहिले. तपासणीला अनुज्ञा मिळाली. एप्रिलमध्ये, मोह वेचण्याचा हंगाम चालू असताना, दोन लाइनमन आणि मी ती यादी घेऊन धोडराजच्या बाजूने सुरुवात केली, आणि घरे दिवसा रिकामी असत म्हणून आम्ही मीटर पहाटे पाहू लागलो.